'८० सीसी' किटची सायकल चढाला दम तोडते: बोअर किट घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सायकलला बसवलेलं '८० सीसी'चं टू-स्ट्रोक किट सात-आठशे किलोमीटर चाललंय. सुरुवातीला सपाटीवर ४० चा वेग मिळायचा आणि वस्तीवरून डेअरीकडे जाताना लागणारा चढ ते दुधाच्या कॅनसकट चढायचं. गेल्या महिन्याभरात वेग हळूहळू २५ वर आला, चढाला पॅडल मारावे लागतात. तुम्ही नवा प्लग टाकला, कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा मेन जेट ७० चा काढून ६० चा बसवला, तरी फरक नाही. आता पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरून बोअर किट, म्हणजे नवा सिलिंडर-पिस्टन-रिंगांचा संच, मागवायचं का, हे तुम्हाला हवंय.

बोअर किट इतक्यात मागवू नका. पण त्याआधी एक काम आजच करा: ७० चा जेट परत बसवा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलसोबतच येतं. जेट लहान केला की पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि मिश्रण पातळ झाल्यामुळे उष्णता मात्र जास्त. तिन्ही गोष्टी एकदम पिस्टनवर येतात. चढाला फुल रेस धरून असं इंजिन चालवलं तर ते एखाद्या दिवशी जाम होईल, आणि मग खरोखरच बोअर किट लागेल. नेमका दोष सापडेपर्यंत जेटला हात लावू नका.

आता मूळ मुद्दा. 'ताकद गेली' या एका तक्रारीत तीन वेगळ्या तक्रारी असतात. इंजिन ताकद तयारच करत नाही. तयार करतं पण ती चाकापर्यंत पोचत नाही. किंवा पोचते पण काहीतरी मागे ओढतंय. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. शिवाय तुमच्या वर्णनातला सगळ्यात मोलाचा शब्द 'हळूहळू' हा आहे. वायर तुटणं, जेटमध्ये कचरा अडकणं, रिंग मोडणं या गोष्टी अचानक होतात. काजळी साचणं, नट ढिले होणं, क्लचचे पॅड झिजणं, फिल्टर चोंदणं या हळूहळू होतात. इंजिन थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर मेलेलं, असं असतं तर मी वेगळीकडे पाहिलं असतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून दम थंडगरम सारखाच कमी आहे असं धरतो.

अपेक्षेबद्दलही एक गोष्ट. 'ऐंशी' हा आकडा विक्रीचा आहे. या इंजिनाचा बोअर ४७ मिमी आणि स्ट्रोक ३८ मिमी असतो. हिशेब केला की ६६ सीसी भरतं. नव्या इंजिनातून फार तर दीड-दोन हॉर्सपॉवर मिळते. त्यामुळे वीस लिटरचा कॅन, तुमचं वजन, चढ आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात यांवर बरंच अवलंबून आहे. उंचीचाही परिणाम होतो: समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते. महाबळेश्वराच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १३५० मीटरवर, हे इंजिन रत्नागिरीसारखं कधीच ओढणार नाही. पण तुमचा रस्ता तोच, कॅन तोच आणि वेग मात्र ४० वरून २५, म्हणजे दोष आहे हे नक्की.

पहिली तपासणी चाकाची, कारण तिला पैसा लागत नाही. मागचं चाक उचला, क्लच दाबून लिव्हर लॉक करा आणि चाक हाताने जोरात फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेकचे रबर रिमला घासतायत, अॅक्सलचा कोन (बेअरिंग दाबणारा नट) जास्त आवळलाय, किंवा इंजिनाकडची चेन फार ताणलीय. चेन सगळ्यात ताठ असेल त्या जागी मधोमध १२ ते १५ मिमी खाली-वर हलली पाहिजे. किटचं स्प्रॉकेट स्पोक्सवर रबराच्या चकत्यांनी आवळलेलं असतं, ते सहसा थोडं तिरकं बसतं. म्हणून चाक पूर्ण फिरवून सगळीकडे पाहा. एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी तारेसारखी ताठ असलेली चेन ताकदही खाते आणि बेअरिंगही.

मग क्लच. चढावर रेस वाढवल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण सायकल पुढे जात नाही, असं होत असेल तर इंजिनाचा काही दोष नाही, क्लच घसरतोय. खात्रीसाठी इंजिन बंद ठेवा, क्लच सोडलेला ठेवा आणि सायकल पुढे ढकला. कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टनने हवा दाबण्याचा, अडसर प्रत्येक फेऱ्याला जाणवला पाहिजे, चाक घसटलं तरी चालेल. चाक मऊपणे पुढे गेलं आणि इंजिन फिरलंच नाही, तर घसरण पक्की. आधी केबल पाहा: लिव्हर मोकळा असताना दोन-तीन मिमी ढिलाई हवी. केबल ताठ असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. केबल बरोबर असूनही घसरत असेल तर उजवीकडचं कव्हर काढा. मधोमध फुलासारख्या कडेचा नट दिसेल, त्याच्या खाचेत बारीक लॉक-स्क्रू असतो. तो स्क्रू काढून नट एक खाच आवळा आणि स्क्रू परत बसवा. स्क्रू न बसवता चालवलंत तर नट आपोआप सुटतो.

कव्हर उघडलंच आहे तर आत ग्रीस किती आहे तेही पाहा. कोणीतरी 'गिअरला ग्रीस भरा' म्हणतं आणि लोक कव्हर गच्च भरतात. गरम झालं की ते वितळून क्लचच्या पॅडवर जातं. गिअरच्या दातांना पातळ थर पुरे, चिमूटभर. पॅड ओशट झाले असतील तर पेट्रोलने धुवा, कोरडे करा आणि पॉलिश पेपरवर हलके घासा.

इथवर सगळं ठीक निघालं तर दोष इंजिनात आहे, आणि आता कानाचं काम सुरू होतं. फुल रेसला आवाज जाड, तुटक, एक आड एक फायर झाल्यासारखा येतो का? मग मिश्रण जाड आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. रेस दिल्यावर पोकळ 'भॉऽक' आवाज करून इंजिन बसतं का? मग पातळ आहे. तडतड करत मधूनच फायरिंग सोडतं का? मग करंट पाहा. आणि आवाज एकसारखा, गुळगुळीत, पण दबलेला, जणू कोणी वरून हात ठेवलाय, रेस दिली तरी एका टप्प्याच्या वर चढतच नाही, असं असेल तर बहुतेक धूर बाहेर पडायला वाट नाही.

कानावर भरवसा नसेल तर चोकची परीक्षा करा. इंजिन गरम असताना, चढावर फुल रेसला, चोक अगदी पाव भाग लावा. दम वाढला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. दम आणखी घटला तर मिश्रण आधीच जाड आहे किंवा सायलेन्सर चोंदलाय. एवढ्या एका गोष्टीने निम्मी यादी गळून पडते. मात्र ही परीक्षा ७० चा जेट परत बसवल्यावर करा. ६० च्या जेटवर ती सारखं 'पातळ' असंच सांगेल.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय सायलेन्सरवर आहे. नवं इंजिन रुळेपर्यंत १६:१, म्हणजे लिटरला सुमारे ६२ मिलि ऑइल घालायला सांगतात, आणि पुष्कळ जण तेच प्रमाण पुढेही चालू ठेवतात. सायलेन्सरच्या शेवटी आत बारीक नळी आणि भोकं असलेला बॅफल असतो. सात-आठशे किलोमीटर इतकं ऑइल जाळल्यावर ती भोकं डांबरासारख्या काजळीने बुजतात. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू नीट बाहेर गेला नाही तर ताजं मिश्रण आत यायला जागाच उरत नाही. म्हणून इंजिन सुरू सहज होतं, आयडलला छान चालतं आणि वर मात्र दम तोडतं.

पडताळायला सोपं आहे. सायलेन्सरच्या टोकाचा १० मिमीच्या पान्याचा बोल्ट काढून टोपी आणि बॅफल बाहेर ओढा आणि तसंच दोनशे मीटर चालवून पाहा. कर्कश वाजेल, पण वेग परत आला तर चोर सापडला. बॅफल तारेच्या ब्रशने घासा आणि भोकं त्याच मापाच्या ड्रिलने हाताने फिरवून मोकळी करा. भोकं मोठी करू नका. बॅफल कायमचा काढून टाकायचा मोह टाळा. आवाजाचा त्रास होतोच, आणि त्या मापावर बसवलेलं मिश्रणही पातळीकडे झुकतं. मग सायलेन्सर सिलिंडरपासून सोडवा आणि धूर बाहेर पडायच्या भोकात, म्हणजे पोर्टात, डोकवा. तिथेही काजळीचा कडा जमलेला असतो. पिस्टन पूर्ण वर आणा, म्हणजे त्याची बाजू पोर्ट झाकेल आणि खरडलेलं आत पडणार नाही. खरडायला बांबूची चपटी काडी घ्या, स्क्रू ड्रायव्हर नको. पिस्टनवर एक ओरखडा पुढे कॉम्प्रेशन खातो. परत बसवताना पॅकिंग नवं घाला.

सायलेन्सर स्वच्छ निघाला तर पुढच्या तीन गोष्टी दहा मिनिटांच्या आहेत. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातून पाहा आणि रेस पूर्ण ओढा. आतली स्लाइड पूर्ण वर जाऊन भोक सगळं मोकळं होतं का? केबल ताणल्यामुळे किंवा ग्रिप सरकल्यामुळे फुल रेसला स्लाइड पाऊणच उघडते, हे फार वेळा दिसतं आणि फार कमी लोक पाहतात. त्याच वेळी चोकची पट्टी हलवा. धक्क्यांनी ती स्वतःहून सरकत असेल तर तिचा रिव्हेट हलका ठोकून घट्ट करा. फिल्टरचा फोम ऑइलने चिकट झाला असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा.

मग पेट्रोल. कार्बोरेटरची नळी काढून मापाच्या बाटलीत सोडा, टाकीचं झाकण लावलेलं ठेवा आणि एक मिनिट मोजा. फुल रेसला हे इंजिन मिनिटाला वीस-पंचवीस मिलिच्या आसपास पितं. नळीतून १०० मिलिपेक्षा कमी येत असेल तर मी ते अडलेलं समजतो. झाकण उघडल्यावर धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाही वाढली तर कॉकच्या आतली जाळी काढून धुवा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळ्यात टाकी आठवडेच्या आठवडे अर्धी भरून ठेवली तर तळाशी पाणीमिश्रित थर बसतो. बाटलीतलं पेट्रोल पाच मिनिटं स्थिर ठेवून खाली वेगळा थर दिसतो का पाहा. इथेनॉलमुळे मिश्रण मुळातच थोडं पातळीकडे जातं, म्हणूनही ६० चा जेट तुमच्यासाठी चुकीचा होता.

ऑइलचं प्रमाणही इथेच दुरुस्त करा: रुळलेल्या इंजिनाला २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलि, चांगल्या प्रतीचं टू-टी ऑइल. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल चालत नाही, ते राख सोडतं. 'थोडं जास्त ऑइल बरं' या समजुतीचाही तोटा आहे. त्याच जेटमधून जास्त ऑइल गेलं तर पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे काजळी वाढते आणि मिश्रणही पातळ होतं.

चोकच्या परीक्षेत दम वाढला असेल आणि पेट्रोलची धार चांगली असेल, तर इंजिन कुठून तरी हवा घेतंय. ठिकाणं ठरलेली आहेत. कार्बोरेटर ज्या नळीवर सरकवून क्लॅम्पने आवळतात, तिथे क्लॅम्पखालच्या चिरेतून. नळी सिलिंडरला जोडते त्या पातळ पॅकिंगमधून. सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगमधून. आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलमधून. खूण अशी की रेस सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लगेच उतरत नाहीत, थोडा वेळ वरच रेंगाळतात. आयडलवर चालू इंजिनाच्या या जोडांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला ती जागा फुटकी. सायलेन्सर गरम असताना हे करू नका, फवारा पेट घेतो. नळीची फ्लँज (सिलिंडरला टेकणारी चपटी कड) वाकडी असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासा. नुसतं सिलिकॉन थापू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्याचे तुकडे इंजिनात जातात.

ऑइल सील तपासायला ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ उत्तम काम देतं. सायलेन्सरच्या बाजूचं तोंड रबराच्या तुकड्याने आवळून बंद करा, पिस्टन पूर्ण वर ठेवा आणि कार्बोरेटरच्या नळीत रबरी बूच बसवून त्यातून घड्याळावर २५० येईपर्यंत हवा भरा. मिनिटाला पन्नासपेक्षा जास्त काटा उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे शोधा. डावीकडे मॅग्नेटच्या कव्हरखाली बुडबुडे आले तर त्या बाजूचं सील गेलंय. हे सील बदलायला पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूपेक्षा मॅग्नेट ओढायचा पुलर जास्त महत्त्वाचा. हातोडीने मॅग्नेट काढू नका, क्रँक वाकतो.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे तुमची रिंगांची शंका. रिंगांच्या आधी हेडचे नट पाहा. या इंजिनाची थरथर त्यांना सोडवते, आणि नव्या पॅकिंगचा दाब पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये कमी होतो. इंजिन पूर्ण थंड असताना, समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा: ६ मिमीच्या स्टडला १० ते १२ न्यूटन-मीटर, ८ मिमीच्या स्टडला साधारण १६. यात एक फसवणूक आहे. किटसोबत आलेले टोपीचे नट आतून उथळ असतात. स्टडचं टोक टोपीला आतून टेकतं, पाना घट्ट लागतो, पण हेडवर दाब येतच नाही. शंका असेल तर एक नट काढून खाली एक वॉशर वाढवा किंवा साधे आरपार नट लावा. हेडच्या कडेला काळी ओलसर रेघ दिसत असेल तर तिथून दाब बाहेर जातोय.

मग कॉम्प्रेशन मोजायचं गेज लावा. या इंजिनाला किक नाही, म्हणून सायकल स्टँडवर घ्या, प्लग काढून १४ मिमीचं अडॅप्टर बसवा, प्लगची वायर बॉडीला टेकवा, रेस पूर्ण उघडी ठेवा आणि क्लच सोडून पॅडल जोरात फिरवा. आकडा वाढायचा थांबेपर्यंत फिरवा. १०० ते १२० पीएसआय आला तर रिंगा ठीक आहेत, बोअर किटचा विषय संपला. ९० च्या खाली आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल घालून परत मोजा. आकडा उडी मारून वाढला तर रिंगा किंवा बोअर. जागच्या जागी राहिला तर हेडचं पॅकिंग. गेज नसेल तर सायलेन्सर काढून पोर्टातून टॉर्चने पिस्टनची बाजू पाहा. रिंगेखाली तपकिरी पट्टे असतील तर तिथून वायू निसटतोय. उभे ओरखडे असतील तर इंजिन एकदा तरी पकडलंय, आणि मग सिलिंडर काढूनच बघावं लागेल.

करंटचा दोष हळूहळू आलेल्या तक्रारीत क्वचित असतो, म्हणून शेवटी ठेवला. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी. किल स्विचची वायर सीडीआयपासून (प्लगला करंट देणाऱ्या डबीपासून) सोडवून चालवून पाहा. स्विचमध्ये ओल गेली तर करंट तिथून गळतो. पांढरी वायर दिव्याला जोडली असेल तर तीही सोडवा. कॉइल मीटरवर पाहायची झाली तर निळी आणि काळी यांच्यामध्ये बहुधा ३०० ते ४०० ओहम येतात. गार असताना एकदा आणि इंजिन तापल्यावर एकदा मोजा. तापल्यावर आकडा उडाला तर कॉइल बदला.

हे सगळं झाल्यावरच जेट. ७० च्या जेटवर, गरम इंजिनाने, चांगल्या चढावर फुल रेसने अर्धा किलोमीटर जा. मग एकाच वेळी क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीच्या बुडाशी, आत खोल, रंग पाहा. चहाच्या रंगाचा असेल तर जेटला हात लावायची गरज नाही. काळा आणि ओला असेल तर एक पायरी लहान, फार तर ६८. पांढरा फटक असेल तर एक पायरी मोठा. अर्ध्या रेसला अडखळत असेल तर जेट नाही, कार्बोरेटरच्या स्लाइडमधल्या निडलची (सुईची) क्लिप हलवा: क्लिप खालच्या खाचेत गेली की निडल वर येते आणि मिश्रण जाड होतं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच चढ, तोच कॅन.

रस्त्याबद्दलही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं वगळली आहेत. तुमचं ६६ सीसी त्यात बसत नाही, म्हणून डेअरीचा रस्ता सार्वजनिक असेल तर नोंदणी आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. अपघात झाला तर तो फार महागात पडेल.

पुढे मदत हवी असेल तर चार गोष्टी कळवा: लिटरला किती मिलि ऑइल घालता, बॅफल काढल्यावर वेग किती झाला, चोक पाव भाग लावल्यावर काय झालं, आणि कॉम्प्रेशनचा आकडा ऑइल घालण्याआधी आणि नंतर किती आला.